५जीच्या मनोऱ्यावर नेमकं काय बदललं?

मनोऱ्यावरून

१ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत ५जीचं उद्घाटन झालं तेव्हापासून लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, प्रवासात मला एकच प्रश्न येतो : "स्पीड किती मिळतो?" मी रेडिओ प्लॅनिंगमध्ये काम करतो. कोणता अँटेना किती उंचीवर, कुठल्या दिशेला, किती अंश खाली झुकवून लावायचा, हे ठरवणं माझं रोजचं काम. हा वेग येतो कुठून, हे फारसं कुणी विचारत नाही. सांगण्यासारखी गोष्ट तर तीच आहे, म्हणून हा धागा.

हवेतून बिट्स पाठवायची मूळ रीत बदललेली नाही. उपलब्ध पट्ट्याचे, म्हणजे वापरायला मिळालेल्या वारंवारतांच्या पट्टीचे, शेकडो बारीक उपवाहक करायचे आणि प्रत्येकावर थोडी थोडी माहिती चढवायची, ही ओएफडीएम पद्धत ४जीतही होती. मग फरक कुठे पडला? एक म्हणजे पट्टा रुंद झाला. ४जीत एक वाहक, म्हणजे एकसंध वापरायचा पट्ट्याचा तुकडा, जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झचा. ५जीत ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो १०० मेगाहर्ट्झपर्यंत जातो. उपवाहकांमधलं अंतर १५ ऐवजी साधारणपणे ३० किलोहर्ट्झ ठेवतात, त्यामुळे वेळेचा एक तुकडा १ मिलिसेकंदाऐवजी अर्ध्या मिलिसेकंदात संपतो आणि फोनला आपली पाळी लवकर मिळते.

पण पट्टा रुंद करायला मर्यादा आहे, कारण तो लिलावात विकत घ्यावा लागतो. २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी मिळून दीड लाख कोटी रुपये मोजले. नुसती शक्ती वाढवूनही फार काही हाती लागत नाही. शॅननने १९४८ मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे क्षमता पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते, शक्तीच्या मात्र लॉगॅरिदमने. चांगल्या सिग्नलवर शक्ती दुप्पट केली तर दर हर्ट्झमागे सेकंदाला जेमतेम एक बिट जास्त मिळतो. मग उरते तिसरी वाट : तोच पट्टा, त्याच क्षणी, वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळ्या लोकांसाठी पुन्हा पुन्हा वापरायचा. माझ्या मते ५जीचा गाभा हाच आहे. याला मॅसिव्ह मायमो म्हणतात.

रस्त्यावरून जाताना मनोऱ्याकडे पाहा. जुने अँटेना उंच, अरुंद पट्ट्यांसारखे दिसतात. त्यांच्या शेजारी सुटकेससारखी रुंद, चपटी पेटी दिसली तर बहुतेक ती ३.३ गिगाहर्ट्झची. आत छोट्या छोट्या अँटेनांची जाळी असते आणि मोठ्या पेटीत ६४ प्रेषक (लहरी सोडणारे) आणि ६४ ग्राहक (लहरी पकडणारे). प्रत्येक प्रेषकाची लहर किंचित मागेपुढे करता येते. ढोलपथकातल्या ६४ जणांनी आपापल्या अंतरानुसार टिपरू क्षणभर आधी-नंतर मारलं, तर एका ठरावीक गच्चीवर सगळे आवाज एकदम पोचतील आणि तिथे दणका बसेल. शेजारच्या गच्चीवर ते एकमेकांना खोडतील. अँटेना लहरींबाबत हेच करतो, तेही दर काही मिलिसेकंदांनी दिशा बदलत आणि एकाच वेळी अनेक फोनांसाठी.

हे ३.३ गिगाहर्ट्झलाच का जमतं? तिथे लहरींची लांबी सुमारे ९ सेंमी, आणि अँटेना एकमेकांपासून अर्ध्या तरंगलांबीवर बसवायचे असतात. आठ रांगा हाताच्या लांबीत मावतात. ७०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४३ सेंमी. तीच जाळी तिथे जवळपास पाचपट रुंद आणि पाचपट उंच होईल, आणि असं धूड वाऱ्यात कुठलाही मनोरा पेलणार नाही.

या कल्पनेचं मूळ आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. थॉमस कैलाथ १९३५ साली पुण्यात जन्मले, सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकले आणि १९५६ मध्ये आपल्या सीओईपीतून, म्हणजे पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून, टेलिकम्युनिकेशनचे इंजिनिअर होऊन अमेरिकेतल्या एमआयटीला गेले. पुढे स्टॅनफर्ड. आरोग्यस्वामी पॉलराज मूळचे तमिळनाडूचे, पण घडले खडकवासल्याच्या एनडीएत आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात. नौदलासाठी त्यांनी 'अप्सोह' ही सोनार यंत्रणा (पाण्यातल्या आवाजावरून शोध घेणारी) उभी केली. जहाजाच्या तळाशी ग्राहकांची जाळी बसवून पाण्यातला आवाज नेमका कुठल्या दिशेने येतो ते शोधायचं, हे त्या यंत्रणेचं काम. नौदल सोडून ते स्टॅनफर्डला कैलाथ यांच्याकडे गेले, आणि एकाच पट्ट्यात अनेक अँटेनांनी वेगवेगळे प्रवाह पाठवण्याच्या कल्पनेचा पेटंट-अर्ज या दोघांनी १९९२ मध्ये केला. १९९४ मध्ये पेटंट मिळालं. पाण्यातल्या जाळीचं आणि मनोऱ्यावरच्या जाळीचं गणित एकाच घराण्यातलं आहे. पॉलराज यांना २०१४ चा मार्कोनी पुरस्कार मिळाला. ही नावं आपल्या शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो.

देवगडकर

उत्तम लेख. कैलाथ पुण्याचे हे वाचून आनंद झाला. माझा प्रश्न आमच्या कोकणातला. जून ते सप्टेंबर फोनवर ५जीचं चिन्ह असतं, पण साधं रेल्वेचं वेळापत्रक उघडत नाही. पाऊस थांबला की हळूहळू सुरळीत. ५जीला पाऊस सहन होत नाही का?

मनोऱ्यावरून

देवगडकर, मनोऱ्यापासून तुमच्या फोनपर्यंतच्या टप्प्यात पाऊस जवळजवळ निर्दोष आहे. ७०० मेगाहर्ट्झ किंवा ३.३ गिगाहर्ट्झच्या लहरी थेंबांपेक्षा कितीतरी लांब असतात, त्यामुळे कोकणातल्या पावसातही त्यांचं नुकसान नगण्य असतं. ओल्या झाडीमुळे थोडी घट होते, एवढंच.

शंका घ्यायची ती मनोऱ्याच्या मागे. प्रत्येक मनोऱ्याला फायबर पोचलेली नाही. डोंगर-खाड्यांच्या भागात तर अनेक मनोरे पुढच्या मनोऱ्याला मायक्रोवेव्हच्या गोल डिशने जोडलेले असतात. ५जीचा भार उचलायचा म्हणून काही ठिकाणी ८० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या डिश लावतात. त्या लहरी जेमतेम चार मिलिमीटरच्या, म्हणजे पावसाच्या थेंबाएवढ्याच. तासाला ५० मिमीच्या दराने पाऊस कोसळत असेल तर ८० गिगाहर्ट्झवर दर किलोमीटरला अठरा-एकोणीस डेसिबल घट होते. दोन किलोमीटरच्या दुव्यात मूळ शक्तीचा काही हजारावा हिस्सा उरला. असा दुवा आपोआप वेग उतरवतो, मग तुटतो. मनोरा जागा असतो, तुमच्या फोनला सिग्नल देत असतो, पण त्याच्यामागचा रस्ता बंद झालेला असतो. दुसरं कारण वीज. फीडर गेला आणि बॅटरी संपत आली की सर्वात जास्त वीज खाणारी पेटी आधी बंद होते, आणि ती बहुधा ५जीचीच असते.

चिन्हाचं म्हणाल तर ४जीच्या आधाराने चालणाऱ्या ५जीत ४जीचा मनोराच फोनला कळवतो की "इथे ५जी मिळू शकतं." बऱ्याच फोनांत तेवढ्यावर चिन्ह उमटतं. प्रत्यक्ष ५जीचा दुवा जुळलेला असेलच असं नाही.

स्वाती_विमाननगर

दादा, आमच्याकडे उलट आहे. पाऊस असो नसो, कल्याणीनगरला धावणारं ५जी घराजवळ आलं की ४जी. विमानतळामुळे असं होतं हे खरं का? कुणी म्हणतं हवाई दलाचे जॅमर आहेत.

मनोऱ्यावरून

स्वातीताई, जॅमर वगैरे नाही. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने कंपन्यांना लेखी कळवलं होतं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किमी आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर एवढ्या परिसरात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचे ५जी मनोरे लावू नयेत, आणि त्याबाहेरही काही अंतरापर्यंत शक्ती मर्यादित ठेवावी. त्या वेळी दिल्ली, बंगळूर, गुवाहाटी, नागपूरबरोबर पुण्याचंही नाव होतं. कारण विमानाचा रेडिओ अल्टिमीटर. विमान उतरताना जमिनीपासूनची उंची तो ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झच्या लहरी खाली पाठवून मोजतो. जुन्या अल्टिमीटरचे फिल्टर ढिले आहेत. शेजारच्या पट्ट्यात कधी एवढं शक्तिमान प्रक्षेपण होईल असं बनवणाऱ्यांनी धरलंच नव्हतं.

तुमची इमारत त्या परिसरात येते का, ते नकाशावर धावपट्टीपासून अंतर मोजून पाहा.

निनाद_न्यूजर्सी

यावरून अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये मोठा गोंधळ झाला होता. इथला नवा पट्टा ३.९८ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे अल्टिमीटरपासून अंतर फक्त २२० मेगाहर्ट्झ. आयत्या वेळी विमानतळांजवळचे मनोरे सुरू करणं पुढे ढकलावं लागलं, काही परदेशी कंपन्यांनी उड्डाणं रद्द केली. भारतात हेच अंतर ५०० मेगाहर्ट्झपेक्षा जास्त आहे, तरी काळजी घेतली हे योग्यच.

आणखी एक. इथे व्हेरायझन या मोबाईल कंपनीने २०१९ मध्ये सुरुवात केली ती २८ गिगाहर्ट्झपासून. चौकात उभं राहिलं तर वेग डोळे दिपवणारा, कोपऱ्यावर वळलं की गायब. भिंत, झाड, काच, मधे आलेला हात, सगळंच त्या लहरींना अडवतं. टी-मोबाईलकडे स्प्रिंटच्या विलीनीकरणातून २.५ गिगाहर्ट्झचा भरपूर पट्टा आला होता आणि ते झपाट्याने पुढे गेले. मग २०२१ च्या लिलावात मधल्या पट्ट्यासाठी सगळ्यांनी मिळून सुमारे ८१ अब्ज डॉलर ओतले. भारताने हा धडा आधीच पाहिलेला असल्याने थेट ३.३ पासून सुरुवात केली, असं मला वाटतं. पण मग २६ गिगाहर्ट्झ विकत घेऊन काय केलं?

मनोऱ्यावरून

निनाद, बरोबर निरीक्षण. २६ गिगाहर्ट्झमध्ये जिओकडे १००० आणि एअरटेलकडे ८०० मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे त्यांच्या मधल्या पट्ट्याच्या आठ-दहापट. चालत्या माणसाच्या फोनसाठी तो गैरसोयीचा, पण गच्चीवर किंवा खिडकीबाहेर पक्क्या बसवलेल्या ग्राहकयंत्राला समोरचा मनोरा स्वच्छ दिसत असेल तर घरगुती इंटरनेटसाठी उत्तम. खचाखच भरलेलं स्टेडियम, रेल्वे स्थानक, यात्रेचं मैदान हीसुद्धा त्याची जागा. पावसाचं इथे मात्र लागू पडतं : ५० मिमीच्या सरीत दर किलोमीटरला सुमारे ८ डेसिबल. म्हणून अंतर काही शे मीटरच ठेवायचं.

आणि हा पट्टा भारताला नवा नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात २.५ सेंमीपासून ५ मिमीपर्यंतच्या लहरी निर्माण करून, भिंतीपलीकडे पाठवून दाखवल्या होत्या. म्हणजे १२ ते ६० गिगाहर्ट्झ! २६ गिगाहर्ट्झ बरोबर त्यात बसतो. १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ही उपकरणं मांडली. त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनांचे वंशज आजही या पट्ट्याच्या प्रयोगशाळांत वापरात आहेत.

एक्स्चेंजवाले_आजोबा

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. मनोऱ्यावरून, तुमचा लेख आवडला, पण तुम्ही अँटेनालाच गाभा म्हणता ते मला पटत नाही. १ मिलिसेकंद विलंब, दुरून शस्त्रक्रिया, असं काय काय जाहिरातीत दाखवतात. साधा हिशेब करा. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो. १ मिलिसेकंदात जाऊन परत यायचं तर समोरचा संगणक १०० किमीच्या आत हवा, तेही मधली सगळी यंत्रं शून्य वेळ घेतात असं धरून. नागपूरहून मुंबईच्या सर्व्हरला गाठायचं तर रस्त्याच्या अंतराने ८०० किमी धरले तरी जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद प्रकाशालाच लागतात. अँटेना ६४ असोत की ६४००, हा आकडा हलणार नाही.

तेव्हा खरा बदल कोअरमध्ये, म्हणजे मनोऱ्यांमागच्या मध्यवर्ती यंत्रणेत झाला आहे. आमच्या काळी एक्स्चेंज म्हणजे इमारत होती. आता तीच कामं साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर म्हणून चालतात, त्यामुळे त्यातला डेटा वाहणारा भाग उचलून जिल्ह्याच्या ठिकाणी, अगदी कारखान्याच्या आवारातसुद्धा ठेवता येतो. चाकण किंवा बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्याने आपलं यंत्र चालवणारं नेटवर्क आवारातच ठेवलं तर विलंब खरोखर कमी होईल. आणि तिथपर्यंत फायबर हवी. फायबर टाका, बाकी आपोआप होईल.

मनोऱ्यावरून

काका, विलंबाचा हिशेब शंभर टक्के मान्य. १ मिलिसेकंद हे फक्त रेडिओच्या टप्प्याचं, तेही खास प्रकारच्या सेवेसाठी ठरवलेलं उद्दिष्ट आहे. ते संपूर्ण प्रवासाला चिकटवून सांगणं ही लोकांची फसवणूक आहे, असं मीही म्हणतो.

कोअरबद्दल थोडी भर घालतो. ४जीच्या कोअरवर ५जीचा रेडिओ बसवायचा ही एक रीत, एअरटेलने २०२२ मध्ये तीच घेतली. कोअरसकट सगळं नवीन ही दुसरी, ती जिओने. पहिलीत पसारा लवकर वाढतो आणि जुने मनोरे कामी येतात, पण फोनला दोन्ही रेडिओ जागे ठेवावे लागत असल्याने बॅटरी जास्त जाते. दुसरीत सगळीकडे पोचायला खालचा पट्टा लागतो. ७०० मेगाहर्ट्झ जिओने देशभर घेतला तो त्यासाठी. इमारतीच्या आत, तळघरात, गावाच्या कडेला तोच पोचतो. तुम्ही सांगता ते विभाजन, आवारातलं कोअर, वेगवेगळ्या कामांसाठी नेटवर्कचे स्वतंत्र कप्पे, हे दुसऱ्या रीतीतच नीट साधतं.

पण हवेचा पट्टा मर्यादित आहे, काका. फायबर आपण हवी तेवढी पुरू शकतो, हवा नवी आणू शकत नाही. म्हणून मी अँटेनावर अडून बसतो.

एक्स्चेंजवाले_आजोबा

अडून बसा, हरकत नाही. पण देवगडकरांचं वेळापत्रक अँटेनामुळे अडलेलं नाही हे तुम्हीच वर लिहिलं आहे.

पल्लवी_ठाणे

आमच्या सोसायटीत गच्चीवर ५जीचा अँटेना लावायला विरोध चालू आहे. वरच्या मजल्यावर माझी मुलगी लहान आहे, म्हणून शांतपणे समजून घ्यायचंय. वारंवारता जास्त म्हणजे किरणोत्सर्ग जास्त, हे कितपत खरं?

मनोऱ्यावरून

पल्लवीताई, काळजी रास्त आहे, म्हणून आकड्यांत सांगतो. पेशीतल्या रेणूंचे बंध तोडायला फोटॉनमध्ये काही इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनमध्ये सुमारे २ असतात. २६ गिगाहर्ट्झच्या फोटॉनमध्ये ०.०००१. म्हणजे ट्यूबलाइटच्या हजारो पट खाली. क्ष-किरणांशी तुलना करण्यासारखं इथे काही नाही. सिद्ध झालेला परिणाम एकच, उष्णता, आणि मर्यादा त्यावरून ठरवल्या जातात. आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढी कडक मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केली.

अँटेनाचा मुख्य झोत समोर आणि किंचित खाली जातो, पायाखालच्या स्लॅबकडे नाही. अँटेनाच्या अगदी पुढ्यात, काही मीटरवर कुणी उभं राहू नये, म्हणून गच्चीचा तो भाग बंद ठेवतात, त्याचा आग्रह जरूर धरा. शंका राहिली तर सरकारच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावरून शुल्क भरून मोजणी मागवता येते. सोसायटीने ती मागवावी. समोर आकडा असेल तर मीटिंगमध्ये भांडण होत नाही. गच्चीचं बांधकाम वजन पेलेल का हेही विचारा, त्याबद्दल फार कमी लोक विचारतात.

नांदेड_ते_कंदी

मी हैदराबादच्या आयआयटीत याच विषयात शिकते, त्यामुळे एक राहिलेली गोष्ट लिहिते. ग्रामीण नेटवर्कची चाचणी करताना जगभर दोन मनोऱ्यांमधलं अंतर १.७ किमी धरत होते. आपल्याकडच्या गावांना ते परवडणारं नाही. भारताने आग्रह धरला की ६ किमी अंतराची, ७०० मेगाहर्ट्झची, कमी हालचाल असलेल्या वस्तीची चाचणीही हवी, आणि आयटीयूने (संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेने) ती मान्य केली.

आता अडचण कुठे येते? मनोरा लांबपर्यंत ओरडू शकतो, फोन नाही. फोनची शक्ती साधारण ०.२ वॅट. त्यामुळे गावाच्या टोकाला डाउनलोड होतं, पण फोटो पाठवताना चाक फिरत राहतं. आमच्याकडच्या आणि आयआयटी मद्रासच्या मंडळींनी मिळून पाठवायच्या लहरींचा आकार असा बदलला की त्यांचे चढउतार कमी व्हावेत. मग फोनचा ॲम्प्लिफायर विकृती न होता पूर्ण क्षमतेच्या जवळ चालवता येतो आणि तोच फोन लांबपर्यंत पोचतो. '५जीआय' या नावाने हे वेगळं मानक म्हणून मंजूर झालं होतं. पुढे जागतिक मानकाच्या १७ व्या आवृत्तीत ते सामावून घेतलं. काहींना वेगळेपण गेल्याचं वाईट वाटलं. मला वाटतं झालं ते चांगलं झालं. वेगळं मानक राहिलं असतं तर त्यासाठीच्या चिप फक्त भारतापुरत्या बनल्या असत्या आणि फोन महागले असते.

एक्स्चेंजवाले_आजोबा

बाळ, हे वाचून फार बरं वाटलं. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला १२८ लाइनींचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज बसवलं, त्याचं वैशिष्ट्य काय होतं? ते वातानुकूलनाशिवाय चालायचं. परदेशी यंत्रं एसी मागायची, आणि आपल्या गावात तर विजेचाच भरवसा नव्हता. आपल्या धुळीत, उकाड्यात काय चालेल हे इथल्या माणसाने इथे बसून ठरवलं. तुमचे सहा किलोमीटर त्याच जातीचे आहेत. अभ्यास नीट कर.

देवगडकर

सर्वांचे आभार. आमच्या मनोऱ्यावर गोल डिशच आहे, आज जाऊन पाहून आलो. शेवटचं विचारतो : गावात वापरायला फोन घ्यायचा तर काय पाहायचं?

मनोऱ्यावरून

देवगडकर, खोक्यावर नुसतं '५जी' लिहिलंय यावर जाऊ नका. तपशिलाच्या यादीत एन२८ आणि एन७८ हे दोन्ही पट्टे आहेत का पाहा. एन७८ म्हणजे ३.३ गिगाहर्ट्झवाला. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, गावात तोच कामाचा. स्वतंत्र कोअरवालं नेटवर्क वापरणार असाल तर फोनला 'स्टँडअलोन' चालतं का तेही विचारा. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा. भारतात ५जी सुरू झालं तेव्हा ॲपलच्या फोनमध्ये रेडिओ होता, पण डिसेंबर २०२२ च्या अपडेटपर्यंत तो इथे चालू केलेला नव्हता.

आणि त्या डिशबद्दल तक्रार करताना "५जी चालत नाही" असं लिहू नका. "पाऊस सुरू असताना सिग्नल पूर्ण, डेटा बंद, मनोऱ्याला मायक्रोवेव्ह बॅकहॉल" असं लिहा (बॅकहॉल म्हणजे मनोऱ्याच्या मागचा दुवा), तारीख आणि वेळ टाका. त्या वेळेची दुव्याची नोंद यंत्रणेत असते, इंजिनिअरला ती काढून पाहता येते. त्या मार्गावर फायबर टाकायची मागणी वर पाठवायला त्याला हाच पुरावा लागतो.